बारावी बरणी

“तो दगड होतो तसो ठेव,” द्वारकाकाकी म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं. खाली काही सापडतं का बघायला मी उलटवलेला तो दगड बाजूला तसाच पडला होता. त्याच्या ओल्या पोटाला नारिंगी स्पंज, चार-दोन इवले शंख आणि एक अंग आकसून बसलेलं समुद्रफूल चिकटलेलं होतं. मी म्हटलं, नुसता दगडच तर आहे.

“तुझ्या घराचा छप्पर कोणी उचलून बाजूक ठेवला नि चलतो झालो, तर तू काय करशीत?”

मी मुकाट्याने दगड परत ठेवला. उलटा ठेवला. काकीने तो पुन्हा उचलायला लावला, पोट खाली करून नीट बसवून घेतला आणि मगच ती पुढच्या डबक्याकडे निघाली. प्राणिशास्त्रात मी पहिल्या वर्गात पास झाले होते आणि कालवं काढणारी एक साठीची बाई मला दगड ठेवायला शिकवत होती. राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल.

शहाऐंशी सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. तेव्हा मी माणदेशातल्या एका कॉलेजात तात्पुरती प्राध्यापिका होते. आमच्या गावाला प्यायचं पाणी टँकरने यायचं, आणि मी मुलांना समुद्रातले प्राणी शिकवत होते, तेही पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या चित्रांवरून. विभागप्रमुख हुपरीकर सरांनी दिवाळीनंतर बोलावून सांगितलं, फेब्रुवारीअखेर विद्यापीठाची समिती येणार आहे, आपल्या संग्रहालयाची दशा तुम्हाला माहीत आहे, बारा नमुने नवे हवेत आणि ते तुम्ही स्वतः गोळा केलेले हवेत. त्यातही ऑक्टोपस हवाच. जुन्या बरणीतला ऑक्टोपस विरघळून त्याचा तळाशी गाळ झाला होता. “तो आणला नाहीत, तर तुम्हाला कायम करा म्हणून शिफारस करायला मला तोंड राहणार नाही,” असं ते म्हणाले होते.

घरी माझ्यासाठी स्थळं बघणं जोरात चालू होतं. नोकरी पक्की झाली तर माझं म्हणणं कुणीतरी ऐकणार होतं, नाहीतर मे महिन्यात माझा बार उडणार हे ठरलेलं होतं. म्हणून नाताळची सुट्टी लागल्याबरोबर बारा रिकाम्या बरण्या, फॉर्मालिनचा कॅन आणि रबरी बूट घेऊन मी एसटीत बसले आणि देवगडच्या खालच्या अंगाला खडपवाडी म्हणून वस्ती आहे, तिथे उतरले. तिथले परब गुरुजी सरांच्या ओळखीचे. त्यांनी माझी सोय द्वारका कोयंडे यांच्याकडे केली. खडपाची म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांची माहिती त्यांच्याइतकी कुणालाच नाही, असं गुरुजी म्हणाले. मी मनात म्हटलं, बघू.

पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. मी दुपारी बूट चढवून, बरण्या घेऊन किनाऱ्यावर गेले आणि पाणी ओसरायची वाट बघत बसले. चार तास बसले. पाणी थोडं मागे गेलं, पुन्हा पुढे आलं, पण खडक काही उघडे पडले नाहीत. काकी घराच्या पडवीतून हे सगळं बघत होती. संध्याकाळी परतले तेव्हा तिने चहा पुढे ठेवला आणि सांगितलं की आज अष्टमी. अष्टमीला दर्याला भांग असतो, धड भरती नाही की धड ओहोटी नाही.

“दर्या तुझी सुट्टी बघून सुकणा नाय,” ती म्हणाली. “अवस येवंदे. अवसेक पण नाय, बीजेक. तेव्हा खरो खडप बघशीत.”

अमावस्येला सर्वात मोठी ओहोटी, असं मी वर्गात शिकवत होते. ती एक-दोन दिवस मागाहून येते हे मला माहीत नव्हतं. माझी सुट्टी दोन जानेवारीला संपत होती आणि काकीची बीज नेमकी त्याच दिवशी सकाळी होती. मी सरांना तार करून एक दिवसाची रजा वाढवून मागितली.

मधले दिवस पाणी रोज थोडं थोडं जास्त मागे जाऊ लागलं. काकी नऊवारीचा काचा मारून अनवाणी पुढे आणि मी बूट घालून तिच्या मागे. तिसऱ्या दिवशी मी बूट काढून ठेवले, कारण माझं ढोपर फुटलं होतं आणि ती एकदाही घसरली नव्हती. पाय कुठे ठेवायचा, कुठलं शेवाळ निसरडं आणि कुठलं पायाला धरून ठेवणारं, पाठ कधीच दर्याकडे करायची नाही, हे सगळं ती चालता चालता सांगत असे. दुसरीकडे हातातल्या कोयतीने कालवं फोडणं चालूच असायचं. एक ठोका, एक पीळ, आतलं कालव टोपलीत.

आणि काय काय दाखवलं तिने. तळहाताएवढ्या डबक्यात हिरवी आणि जांभळी समुद्रफुलं उघडलेली, बोट जवळ नेलं की सगळी एकदम मिटायची. आपल्याच शंखाला कंटाळून दुसऱ्या शंखात घाईघाईने घर बदलणारा खेकडा. दगडाच्या फटीतून नुसते पाच केसाळ हात हलवत बसलेला तारामासा. हात लावताच जांभळा रंग सोडणारी एक मऊ गोगलगाय. मी लॅटिन नावं पुटपुटायचे आणि काकी म्हणायची, व्हय, तेका आम्ही काय म्हणणव नाय, ता खाणव नाय म्हणान. जे खात नाहीत त्याला नाव नाही, पण ते कुठे राहतं, कधी बाहेर येतं, कुणाला घाबरतं, हे तिला सगळं ठाऊक होतं. मी तोवर जेवढं शिकले होते ते मेलेल्या प्राण्यांकडून शिकले होते. हे मला तिथे पहिल्यांदा कळलं आणि लाज वाटली.

मला नमुने द्यायला तिची काहीच हरकत नव्हती. तिला रोज खायला लागतं, मला बरणी भरायला लागते, एवढाच तिचा हिशेब. फक्त फॉर्मालिनचा कॅन उघडला की ती नाकाला पदर लावून अंगणात जाऊन बसे. एक तारखेपर्यंत माझ्या अकरा बरण्या भरल्या. उरली ऑक्टोपसची. काकी त्या सगळ्या खानदानाला माकूल म्हणायची. आमच्या पुस्तकात त्यांची चार नावं होती, तिच्याकडे एकच होतं. मिळेल का, असं मी तिला दिवसातून दहा वेळा विचारत होते. नोकरीचंही मी तिला सांगून टाकलं होतं, स्थळांचंसुद्धा. ती म्हणाली, बीजेक टोकावर जावया, थय आसता.

बीजेच्या पहाटे फटफटायच्या सुमारास आम्ही निघालो. समुद्र इतका मागे गेला होता की मला ओळखू येईना. आठ दिवस जिथे लाटा फुटत होत्या तिथून आम्ही चालत पुढे गेलो. पार टोकाला एक काळा खडक आडवा पसरला होता आणि त्याच्या पोटाखाली गुडघाभर पाण्याचं स्वच्छ डबकं होतं. फक्त सर्वात मोठ्या ओहोट्यांनाच हे उघडं पडतं, असं काकी म्हणाली.

डबक्याच्या काठाशी ती वाकली आणि बोट दाखवलं. खडकाच्या एका कपारीपुढे खेकड्यांची, काकीच्या भाषेत कुर्ल्यांची, रिकामी कवचं आणि फुटके शिंपले पडले होते.

“हो तिचो उंबरठो,” ती म्हणाली. “खाऊन भायर टाकता. पण बघ, सगळा जुना आसा. शेवाळ धरलाहा. लय दिवस काय खाऊक नाय तिना.”

मग ती पाण्यात उतरली, मलाही उतरायला सांगितलं आणि कपारीसमोर वाकून बघ म्हणाली.

प्रथम मला खडकच दिसला. मग खडकाला डोळा आहे असं दिसलं. तो डोळा माझ्याकडे बघत होता. हळूहळू बाकीचं शरीर कळलं, राखाडी, खडबडीत, कपारीच्या तोंडाशी पसरून बसलेलं. आणि तिच्या मागे, कपारीच्या छताला, पांढऱ्या अंड्यांच्या माळाच माळा लोंबत होत्या. मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यात घट्ट ओवाव्यात तशा. शेकडो, कदाचित हजारो. तिचे दोन हात त्या माळांवरून सारखे फिरत होते, एकेक माळ पुसत, विलग करत. मधूनच ती अंगातून पाण्याचा झोत सोडायची आणि सगळ्या माळा एकदम हलायच्या.

हे चित्र मी पुस्तकातही पाहिलं नव्हतं. पण त्याच क्षणी, खरं सांगायचं तर, मला बारावी बरणीही दिसली. ही कुठे पळणार नव्हती. अंडी सोडून ती जाणारच नव्हती. यापेक्षा सोपा ऑक्टोपस मला जन्मात मिळणार नव्हता.

काकीच्या कमरेला माकूल ओढून काढायची टोकाशी वाकवलेली लोखंडी सळी होती. तिने ती काढली आणि माझ्या हातात दिली.

“मी माकूल खातंय,” ती म्हणाली. “लहानपणापासून खातंय. पण अंड्यांवर बसलेली कधी काढूक नाय. आमच्यात कोणीच काढणा नाय. तुका गरज आसा, ता माका ठावक. तू काढ. मी हात लावूचंय नाय.”

“काकी, ही तशीही मरणार आहे,” मी म्हटलं. “पिल्लं बाहेर पडली की मादी जगत नाही. पुस्तकात लिहिलंय.”

“पुस्तकात कित्याक व्हया? मी बघितलंय. मरतली ती. पण पिल्लां सोडून मगे. आधीच काढलंस तर मासे धा मिनटांत अंडी खातले, नि तिचा सगळा फुकट.”

एवढं बोलून ती काठावर जाऊन उभी राहिली, समुद्राकडे तोंड करून. ती माझ्यावर रागावली नव्हती. पाणी कधी फिरतं तेवढंच ती बघत होती.

मी सळी घेऊन वाकले. सळीने माकुलीला इजा झाली तर नमुना बिघडेल म्हणून सळी काठावर ठेवली आणि नुसता हात आत घातला. म्हटलं, डोक्यामागे धरून एकदम ओढायची. तिचा एक हात पुढे आला. माझ्या बोटांना लागला, बोटांवरून मनगटावर आला, एकेक करून चोषकं चिकटली. मला वाटलं, आता आत ओढणार. पण ती मला ढकलत होती. तिच्या अंगात ताकद राहिली नव्हती, हे त्या ढकलण्यातच कळत होतं, तरी ती ढकलत होती. आणि मागे ते दोन हात माळा पुसत होते. त्यांनी एक क्षणसुद्धा काम थांबवलं नाही. मग तिने पाण्याचा झोत सोडला, थेट माझ्या हातावर.

मी किती वेळ तशी वाकून होते कोण जाणे. ओढलं असतं तर ती सुटून आली असती. माझ्या डोळ्यांपुढे सरांचा चेहरा होता, आईचा होता, मे महिना होता. आणि माझा हात मागे आला. मी तो मागे घेतला असंही म्हणवत नाही.

पाणी फिरायला वीस मिनिटं होती, तेवढ्यात आम्ही आसपासच्या सगळ्या कपारी पालथ्या घातल्या. दुसरी माकूल मिळाली नाही. मग पाणी चढू लागलं आणि आम्ही परतलो. वाटेत मी रडले, हेही सांगून टाकते. काकी म्हणाली, रडान काय, घरी चल, पेज खा.

कॉलेजात आल्यावर मी सरांना सांगितलं, ऑक्टोपस मिळाला नाही. मिळाला होता पण अंड्यांवर होता म्हणून सोडून आले, हे त्यांच्यासमोर उभं राहून सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी अकरा बरण्या बघितल्या, बाराव्या जागेकडे बघितलं आणि चष्मा पुसला. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात देवगडहून आलेल्या एसटीचा कंडक्टर माझं नाव विचारत कॉलेजात आला. त्याच्या हातात तेलाचा पत्र्याचा डबा होता, झाकण मेणाने बंद केलेलं. आत जाडं मीठ भरलेलं होतं, आणि मिठात ती.

सोबत चिठ्ठी होती. परब गुरुजींनी काकीचं बोलणं शुद्ध मराठीत घालायला सुरुवात केली होती आणि मधेच नाद सोडला होता. लिहिलं होतं: “पौर्णिमेनंतरच्या बीजेस पाहिले. अंड्यांत काळे डोळे दिसत होते. ती होती तेथेच होती. माघ प्रतिपदेस पिल्ले बाहेर पडत होती, तांदळाच्या कणीएवढी, ती पाणी मारून त्यांस बाहेर लोटत होती. बीजेक गेलंय तर कपार रिकामी नि ती खाली पडलेली. कुर्ल्या लागाच्या आधी उचललंय. आता तिचा काम झाला, आता तुका चलता. तुझ्या औषधाचो वास माका सोसणा नाय म्हणान मिठात घातलंय. नोकरीचा काय झाला ता कळव.” त्याखाली गुरुजींनी आपल्या मनाने एक ओळ घातली होती. ते ऐन कालवांचे दिवस असतात, आणि द्वारकाबाई प्रत्येक मोठ्या ओहोटीला कालवं टाकून त्या टोकाला जात होत्या.

ती चिठ्ठी मी प्रयोगशाळेत उभ्याने वाचली आणि खाली बसले. इतकं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं. आणि तिच्यासाठीही.

मीठ धुऊन मी ती फॉर्मालिनमध्ये ठेवली. आक्रसली होती, रंग उडाला होता, हातांची टोकं झिजली होती. सर खूश झाले. त्यांनी बरणीवर लावायचं छापील लेबल पुढे केलं: प्राण्याचं नाव, स्थळ, दिनांक, संग्राहक. शेवटच्या रकान्यात मी ‘द्वारका कोयंडे’ लिहिलं. सर म्हणाले, वेडेपणा करू नका, समिती तुमचे नमुने मोजणार आहे, तुमचं नाव घाला, कोण बघतंय. तेव्हा मात्र मी त्यांना सगळं सांगितलं, मी हात घातला होता हेही. ते म्हणाले, “तुमचं तुम्ही निस्तरा.”

समितीचे अध्यक्ष डॉ. बेहेरे, सत्तरीला टेकलेले, आयुष्य मृदुकाय प्राण्यांत घालवलेले. ते बरण्यांसमोरून हात मागे बांधून चालले आणि बाराव्या बरणीशी थांबले. वाकून लेबल वाचलं.

“हे डॉ. कोयंडे कुठल्या संस्थेत असतात?”

“त्या डॉक्टर नाहीत, सर,” मी म्हटलं. “खडपावर कालवं काढतात.”

हुपरीकर सर खोकले. डॉ. बेहेरेंनी विचारलं की नमुने तर तुम्ही गोळा करायचे होते ना. मी म्हटलं, अकरा माझे आहेत, बारावा नाही. आणि मग न थांबता सांगून टाकलं, कपार, माळा, हात, झोत, मिठाचा डबा, चिठ्ठी, सगळं. नोकरी गेलीच आहे असं धरून बोलले म्हणून नीट बोलता आलं. त्यांनी गुरुजींनी लिहिलेली ती चिठ्ठी दाखवायला सांगितली. उभ्या उभ्या दोनदा वाचली. मग खिशातून वही काढून त्यातल्या तिथी उतरवून घेतल्या आणि बोटांवर दिवस मोजले.

“आम्हाला हे कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही,” ते म्हणाले. “आपल्या किनाऱ्यावर अंडी फुटायला निदान किती दिवस लागतात ते. बाईंना एक विचाराल का माझ्या वतीने? पाणी किती गार होतं?”

माझ्या नावासमोर त्यांनी काय लिहिलं ते मला मार्चमध्ये कळलं, कायम केल्याचा आदेश हातात पडला तेव्हा. काकीला मी त्याच दिवशी दोन पत्रं लिहिली, एक नोकरीचं आणि एक डॉक्टरांच्या प्रश्नाचं. दोन्हींचं उत्तर एकाच कार्डावर आलं. नोकरीबद्दल लिहिलं होतं, बरा झाला, आता लग्न तुका व्हया तेव्हा कर. आणि खाली, तुझ्या डाक्टराक सांग, हात घालून बघ.

मी ते शब्द जसेच्या तसे कळवले. जरा भीतभीतच कळवले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, चैत्राच्या बीजेच्या पहाटे, डॉ. बेहेरे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खडपाच्या टोकाशी उभे होते आणि त्यांच्या हातात थर्मामीटर होता. काकीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला, आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि म्हणाली, आधी हात. सत्तर वर्षांचा तो माणूस पाण्यात गुडघे टेकून बसला आणि त्याने बाही वर करून कपारीत हात घातला.